पेटीतला पडदा

वापरली नाही म्हणजे वस्तू नवी राहते, अशी आपल्या घराघरांतून एक दृढ समजूत आहे. चांगले लुगडे पेटीच्या तळाशी, चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी आणि नवी छत्री पुढच्या पावसासाठी! या समजुतीपायी आम्हांस एक धडा मिळाला. तो विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे सांगत आहोत.

२००५ साली आमच्या शाळेस दोन सपाट संगणक-पडदे देणगीदाखल मिळाले. एक वर्गात लावला. दुसरा, पहिला बिघडल्यास हाताशी असावा म्हणून, पेटीतून न काढता कोठीच्या खोलीत ठेवला. २०२३ साली विज्ञान-प्रदर्शनासाठी त्याची गरज पडली, तेव्हा पेटी उघडली. पडद्यावरचे वेष्टनसुद्धा शाबूत होते. परंतु पेटीतून आंबट वास आला आणि पडदा पेटविताच कडांपासून आत पसरलेले तपकिरी डाग दिसले. एकही दिवस न वापरलेला पडदा निकामी झाला होता. ज्या मुलांसाठी तो राखून ठेवला, ती मुले तर केव्हाच शाळा सोडून संसाराला लागली होती!

असे का झाले, हे समजण्यासाठी पडद्याची रचना पाहिली पाहिजे. त्यात द्रवस्फटिक नावाचा पदार्थ असतो. तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे कण स्फटिकासारखी शिस्त पाळतात. त्याचा हा चमत्कारिक गुण फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात १८८८ साली आला. दोन काचांमध्ये या पदार्थाचा, मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा थर कोंडलेला असतो. दोन्ही काचांच्या बाहेरच्या अंगास एकेक पापुद्रा चिकटविलेला असतो व मागे दिवा असतो. हा पापुद्रा एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशास वाट देतो. मधला द्रवस्फटिक विजेच्या दाबाप्रमाणे त्या कंपनाची दिशा वळवितो, आणि त्यानुसार दुसरा पापुद्रा प्रकाश सोडतो किंवा अडवितो. अशा उजेड-काळोखाच्या ठिपक्यांतून चित्र उमटते.

द्रवस्फटिक काचांमध्ये सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे पुष्कळ टिकतो. दुबळा आहे तो पापुद्रा. आयोडीन भिनविलेल्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या ताणलेल्या पटलास दोन्ही बाजूंनी सेल्युलोज ॲसिटेटचे अस्तर लावून तो करतात. उष्णता व दमट हवा या अस्तरात शिरली, की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते. शिरक्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. विशेष असे, की सुटलेले आम्लच पुढील नासाडीस वेग देते. त्यातून बंद पेटीत ते बाहेर पडणार तरी कोठून? चित्रपटांच्या जुन्या फितींनाही हाच रोग जडतो, म्हणून संग्रहालयांत त्या थंड व कोरड्या खोल्यांत ठेवतात. आमची कोठी मात्र कोकणपट्टीतल्या अठरा पावसाळ्यांची ओल सोशीत होती.

पडद्यामागच्या विजेच्या जोडणीतही असाच एक प्रकार घडतो. तेथील काही धारित्रांत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज मिळत राहिली तर तो थर आपली झीज आपणच भरून काढतो; वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो क्षीण होतो, आणि मग एकाएकी पूर्ण दाब दिल्यास धारित्र बिघडण्याचा संभव असतो. म्हणजे येथे विश्रांतीच घातक ठरते.

आजच्या अनेक दूरध्वनी-यंत्रांत स्वतःच प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे पडदे असतात. त्यांचा मोठा वैरी म्हणजे पाण्याची वाफ. बंदिस्तीत सूक्ष्म फट राहिली, तर न वापरताही त्यांवर काळे ठिपके पडून ते वाढत जातात. शिवाय, खणात पडून राहिलेल्या यंत्राची लिथियमची बॅटरी कधी फुगते व पडद्यास आतून रेटून वर उचलते.

वापराने पडदा झिजतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. मागचा दिवा मंदावतो आणि सेंद्रिय पडद्यावर सतत दिसणाऱ्या आकृतीचा ठसा उमटतो. परंतु वापराची झीज डोळ्यांसमोर होते आणि तिच्या बदल्यात काही काम तरी पदरात पडते. साठवणीची झीज गुपचूप होते आणि पदरात काहीच पडत नाही.

तेव्हा राखीव पडदा ठेवायचाच असेल तर जमिनीपासून उंच, कोरड्या व थंड जागी, उभा आणि दर्शनी बाजूवर कसलाही दाब येणार नाही असा ठेवावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात व त्या वेळोवेळी बदलाव्यात. बॅटरीचे यंत्र असेल तर ती सुमारे निम्मी भरलेली असावी. दर दोन-तीन महिन्यांनी, कोरडी हवा पाहून, पडदा बाहेर काढावा व काही तास चालू ठेवावा. आंबट वास आलेला पडदा इतरांपासून दूर करावा.

पण सर्वांत उत्तम उपाय याहून सोपा आहे. दोन पडदे मिळाले असतील, तर दोन्ही मुलांपुढे ठेवावेत. आमच्या त्या पडद्यावर अठरा वर्षांत किती धडे शिकविता आले असते, याचा हिशेब करताना आम्हांस आजही चुटपुट लागते. यंदा नवे पडदे आले, त्याच दिवशी आम्ही त्यांच्या पेट्या रिकाम्या केल्या.