पांढऱ्या केसांचं अवघड गणित

‘हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत!’ मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्या जुन्नर-आंबेगावात सापडणं कठीण. सुनेला, नातवाला, भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला, ज्याला त्याला आपल्या आज्यांनी ते ऐकवलेलं असतं. पण पांढऱ्या केसांचं आणि उन्हाचं एक वेगळंच नातं आहे, आणि ते मला कळलं चक्क कॉम्प्युटरमुळे.

माझी भाची पुण्यात अ‍ॅनिमेशनचा कोर्स करते. दिवाळीत मी जुन्नरहून माहेरी, घोडेगावकडे गेले, तर ही पोरगी ओसरीवर लॅपटॉप मांडून आपल्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा चेहरा घडवत बसलेली. कॉलेजात एक मिनिटाची फिल्म करून द्यायची होती. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, डोईवरून घसरलेला पदर, सगळं हुबेहूब. केसांच्या जागी मात्र कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी! मी हसले, तर म्हणते, “आत्या, चेहरा चार दिवसांत झाला. हे केस दहा दिवस छळतायत.”

पांढरा रंग दिला की झालं, असं कुणालाही वाटेल. पण शाळेच्या गॅदरिंगमधली आजी आठवून बघा. मुलीच्या काळ्याभोर केसांवर डबाभर पावडर ओततात, तरी ती आजी दिसत नाही. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. तिथल्या कलावंतांना विचारा, म्हाताऱ्याचा टोप खरा वाटायला किती खटपट लागते ते! पावडरीवर उजेड पडतो आणि वरच्यावर परत फिरतो. खऱ्या पांढऱ्या केसात तो आत शिरतो. सगळी गोम इथेच आहे.

आपल्या केसाला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. वय वाढलं की केसाच्या मुळाशी ते तयार होणं हळूहळू थांबतं. म्हणजे पांढऱ्या केसात पांढरा रंग भरलेला नसतोच! रंग नसलेला तो एक बारीक, उजेड आरपार जाऊ देणारा तंतू असतो. मग पांढरा का दिसतो? खडीसाखरेचा खडा बघा. त्यातून पलीकडचं दिसतं. तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र. दुधाचंही तसंच. स्निग्धांशाच्या आणि प्रथिनांच्या बारीक कणांवर आपटत उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून दूध पांढरं.

कॉम्प्युटरला हे शिकवायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. 1989 मध्ये जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी कॉम्प्युटरवर केसाळ टेडी बेअर काढून दाखवला. पुढे 2003 मध्ये स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या एकेका केसावर उजेड टाकून मोजमाप केलं. किरणाच्या तीन मुख्य वाटा त्यांनी मांडल्या: एक वरूनच परत फिरते, दुसरी केसातून आरपार जाते, तिसरी आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा पुढे येते. काळ्या केसात आत गेलेला बहुतेक उजेड मेलॅनिन गिळून टाकतं, त्यामुळे वरची चकाकी तेवढी जमवली की केस खरे वाटतात. पांढऱ्या केसात गिळायला कुणी नाही. एका केसातून निघालेला उजेड शेजारच्या केसात, तिथून तिसऱ्यात, असा हिंडत राहतो. फिक्या रंगाच्या केसांत हा प्रवास हिशेबात धरलाच पाहिजे, हे जोनाथन मून आणि मार्शनर यांनी 2006 मध्ये दाखवून दिलं.

आता बघा, आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रं. प्रत्येक चित्रात हा हिशेब नव्याने! ‘मॉन्स्टर्स इंक’ (2001) मधल्या निळ्या राक्षसाला सुमारे 23 लाख केस होते. ‘लाइफ ऑफ पाय’ (2012) मधला वाघ बहुतेक प्रसंगांत कॉम्प्युटरचाच होता. त्या कामात मुंबई आणि हैदराबादच्या स्टुडिओंमधल्या कलाकारांचाही हात होता. आणि ‘कोको’ (2017) मधली ती खुर्चीतली पणजी! तिच्या त्या दोन पांढुरक्या वेण्या बघून कुणाला आपली आजी आठवली नसेल?

भाचीकडे मोठा स्टुडिओ नाही, एक लॅपटॉप आणि ब्लेंडर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात मेलॅनिन कमी-जास्त करायची पट्टीच आहे. ती तिने एकावरून शून्यावर नेली, तसे काळेभोर केस तपकिरी, सोनेरी होत पांढरे झाले. पण वेळ वाचवायला किरणाच्या उड्या कमी केल्या की तेच केस मळकट दिसायला लागत. उड्या वाढवल्या की केस उजळत, आणि लॅपटॉप तापून पंख्यासारखा घुरघुरत बसे. सगळे केस सारखे पांढरे केले तरी खोटं दिसायचं. आईच्या अंबाड्यात मागे अजून काळे आहेत, ते तिने जवळ जाऊन नीट पाहून घातले.

आई हे सगळं बघत होती. न राहवून म्हणाली, “एवढा जीव कशाला आटवते? काळेच कर की. पिच्चरमध्ये तरी म्हातारी नको दिसायला.”

मला चरकलंच. घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये आई प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत, पदर कपाळापर्यंत ओढलेला. इतकी वर्षं त्याचं कारण आम्ही विचारलं नव्हतं.

भाची म्हणाली, “आजी, काळे लगेच होतात. तुझ्या पांढऱ्यांनाच सगळी रात्र लागते.”

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लागू दे. मला सत्तर वर्षं लागली.”

केस रंगवायचे की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. मीही रंगवते, आणि पुढेही रंगवीन. पण ‘रंग गेला’ असं आपण ज्याला म्हणतो, तिथे नेमकं काय उरतं ते आता मला माहीत आहे. काळा केस उजेड पोटात ठेवतो. पांढरा तो शेजारणीला देतो.

जाता जाता एक सांगते. घरातल्या आजीचा फोटो मोबाइलवर काढाल, तेव्हा फ्लॅश मारू नका. त्याने केसांचा नुसता पांढरा ठिपका होतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला ओसरीवर किंवा खिडकीशी बसवा, ऊन पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या आणि तिची हरकत नसेल, तर पदर थोडा मागे घ्यायला सांगा. आणि हो, तिला पुढच्या रांगेत बसवा.