संगीत मानापमान

संगीत मानापमान हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी लिहिलेले मराठी संगीत नाटक आहे. त्याचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबई येथे किर्लोस्कर नाटक मंडळीने केला. नाटकातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. श्रीमंत घरातील मानी तरुणी भामिनी आणि निर्धन पण पराक्रमी सेनापती धैर्यधर यांच्यात आरंभी निर्माण झालेला तिरस्कार व त्याचे पुढे प्रेमात झालेले रूपांतर हा या नाटकाचा विषय आहे. मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात हे नाटक कथानकापेक्षाही संगीतातील बदलासाठी अधिक ओळखले जाते.

पार्श्वभूमी

खाडिलकर (१८७२–१९४८) हे सांगलीचे. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचे 'कीचकवध' (१९०७) हे पौराणिक नाटक लॉर्ड कर्झनच्या राजवटीवरील रूपक म्हणून पाहिले गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. त्या रात्री तेथे किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शारदा' या नाटकाचा प्रयोग होता. त्यानंतर काही काळातच, १९१० मध्ये, 'कीचकवध' नाटकावर सरकारने बंदी घातली.

'मानापमान' हे खाडिलकरांचे पहिले संगीत नाटक या घडामोडींनंतर रंगभूमीवर आले. त्यात उघड राजकीय रूपक नाही. तथापि संपत्तीपेक्षा शौर्य श्रेष्ठ, हा विचार त्याच्या केंद्रस्थानी आहे.

कथानक

भामिनीचे वडील काकासाहेब यांना आपली मुलगी धैर्यधराला द्यावी असे वाटते. धैर्यधर गरीब असल्यामुळे भामिनी त्याला नाकारते. तिच्या दृष्टीने वैभवशाली लक्ष्मीधर हा अधिक योग्य वर असतो. हा अपमान धैर्यधराच्या जिव्हारी लागतो आणि तोही तिच्याविषयी मनात अढी धरतो. अशा रीतीने दोघांमधील दुरावा केवळ गैरसमजावर नव्हे, तर दोघांच्याही अभिमानावर उभा राहतो.

पुढे भामिनी आपली ओळख लपवून 'वनमाला' या गरीब मुलीच्या रूपात धैर्यधराच्या छावणीत राहते. तेथे तिला त्याचा पराक्रम आणि मनाचा मोठेपणा जवळून पाहायला मिळतो. दुसरीकडे लक्ष्मीधराचा भित्रेपणा उघड होतो. धैर्यधर वनमालेवर अनुरक्त होतो, पण तीच आपला अपमान करणारी भामिनी आहे हे त्याला ठाऊक नसते. ही ओळख उघड झाल्यावर दोघांचा अभिमान गळून पडतो आणि नाटकाचा शेवट मीलनात होतो.

नावांचा अर्थ

पात्रांची नावे सूचक आहेत. संस्कृतमध्ये 'भामिनी' म्हणजे रागीट किंवा मानी स्त्री. धैर्यधर आणि लक्ष्मीधर ही नावे अनुक्रमे धैर्य व संपत्ती धारण करणारे अशा अर्थाची आहेत. भामिनीपुढील निवड दोन पुरुषांमधली तशीच दोन मूल्यांमधलीही असल्याचे त्यांतून सूचित होते. 'मानापमान' हे शीर्षक मान आणि अपमान या शब्दांच्या संधीतून बनले आहे.

संगीत

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या परंपरेतील नाटकांत साकी, दिंडी यांसारखी छंदोबद्ध पदे तसेच कीर्तनाच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली मोठ्या प्रमाणात होत्या. टेंबे यांनी 'मानापमान'साठी हिंदुस्थानी रागसंगीत आणि उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चालींचा आधार घेतला. त्यामुळे नटाला पद रंगवून, आलापी व तानांसह गाण्यास वाव मिळाला. ही पदे रंगमंचाबाहेरच्या मैफलींतही गायली जाऊ लागली. या पद्धतीमुळे प्रयोग लांबत गेले आणि गाण्यापुढे नाट्य मागे पडते, अशी टीकाही संगीत नाटकांवर पुढे होत राहिली.

प्रमुख प्रयोग

पहिल्या प्रयोगात बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस) यांनी भामिनीची, नानासाहेब जोगळेकर यांनी धैर्यधराची आणि गणपतराव बोडस यांनी लक्ष्मीधराची भूमिका केली. त्या काळच्या प्रथेप्रमाणे स्त्रीभूमिका पुरुष नट करीत. पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही आणि ठरल्याप्रमाणे भामिनी उभी केली.

१९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे व बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' सादर केले. त्यात बालगंधर्व भामिनी आणि भोसले धैर्यधर होते. परस्परांविषयीची अढी दूर सारणाऱ्या नायक-नायिकेचे हे नाटक दोन स्पर्धकांनी राष्ट्रीय कार्यासाठी एकत्र येऊन केल्यामुळे तो प्रयोग विशेष गाजला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, भोसले यांचे निधन झाले.

बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनीही धैर्यधराची भूमिका केली. आक्रमक गायकीमुळे त्यांची पदे ध्वनिमुद्रिकांद्वारेही लोकप्रिय झाली.

साहित्यप्रकार म्हणून तुलना

आरंभी एकमेकांचा तिटकारा असलेल्या दोघांची मर्यादाशील प्रेमकथा हा प्रकार इंग्रजी साहित्यात 'रीजन्सी' काळाशी जोडला जातो. राजा तिसरा जॉर्ज याच्या वतीने त्याच्या पुत्राने कारभार पाहिला तो १८११ ते १८२० हा काळ. महाराष्ट्रात ही पेशवाईची अखेरची वर्षे होती. जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेजुडिस' (१८१३) ही कादंबरी या प्रकाराचा आदर्श मानली जाते. विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर यांनी त्या काळावर आधारित प्रेमकथांचा स्वतंत्र प्रकार रूढ केला.

ऑस्टिन यांच्या कादंबरीत श्रीमंत नायक डार्सी नायिका एलिझाबेथला कमी लेखतो. 'मानापमान'मध्ये श्रीमंती नायिकेकडे आहे आणि अपमान नायकाचा होतो. एलिझाबेथचे मत डार्सीच्या पत्राने व त्याच्या घरच्या भेटीने बदलते, तर भामिनीला स्वतःचे वैभव बाजूला ठेवून गरिबीच्या वेषात राहावे लागते. दोन्ही कथांत प्रेमाची वाट स्वतःची चूक मान्य करण्यातून जाते.

चित्रपट

या नाटकावर आधारित 'संगीत मानापमान' हा मराठी चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. सुबोध भावे यांनी त्याचे दिग्दर्शन करून धैर्यधराची भूमिकाही केली. वैदेही परशुरामी यांनी भामिनी साकारली. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे आहे.