गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाची मते

आपल्याकडे लग्नकार्यात चार ज्येष्ठ एकत्र बसले की एक तक्रार हमखास निघते : हल्लीच्या मुलांना मते फार. मोबाइलवर मत, जेवणावर मत, सिनेमावर मत. कोणी विचारो अगर न विचारो. तक्रार खोटी नाही. मात्र ती मते कोणती, ती कशावरून बनली आणि त्यांतली किती आपल्या धंद्याच्या उपयोगाची आहेत, हे शांतपणे ऐकून घेणारे फारसे भेटत नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळ आहे. गेले वर्षभर खेडच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानाचे हिशेब मी स्नेहापोटी पाहतो. त्या घरातील मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. सकाळपासून तोच गल्ल्यावर असतो. पुण्यातील एका कंपनीचे नोकरीचे पत्र त्याच्या खिशात आहे, वडिलांना तो दुकानात हवा आहे आणि त्याचा स्वतःचा निर्णय अजून झालेला नाही. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मित्रांशी हिंदी-इंग्रजीची मिसळ, अशा तीन भाषांत त्याची मते चालतात. त्याच्या संमतीने त्यांतली काही येथे मांडतो. नाव मात्र देत नाही.

हिशेबाच्या वहीविषयी त्याचे मत २०२१ च्या पुरात बनले. त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडाले, हे साऱ्या महाराष्ट्राला आठवते. त्याच पावसात जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारात शिरले, हे बाहेरच्यांना तितके ठाऊक नसते. पाणी ओसरल्यावर या दुकानातील वह्या पंख्याखाली वाळत ठेवल्या होत्या. पाने एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, आणि समोर विमा कंपनीचा सर्व्हेअर खरेदीची बिले व मालाचा साठा विचारत उभा. अखेर बँकेला दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटच्या प्रती कामी आल्या. मुलगा तेव्हा बारावीलाही पोहोचला नव्हता. आता प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी निघतो आणि हिशेबाची एक प्रत गावाबाहेर, इंटरनेटवर राहते. दिवाळीला पूजन मात्र लाल वहीचेच होते. दादींचा तसा आग्रह आहे आणि मुलाचाही त्याला विरोध नाही. त्याला फक्त एकाच जागी ठेवलेला हिशेब मान्य नाही.

यूपीआयबद्दल बापलेकांचे मतभेद अधिक तीव्र आहेत. ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ च्या एप्रिलमध्ये आणली, त्याच वर्षीच्या नोटाबंदीने ती दुकानादुकानांत पोहोचवली आणि जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला त्यावर शुल्कही पडत नाही. तरी वडिलांच्या मनात धास्ती आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत काही ठिकाणी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, ही बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. मुलाचे म्हणणे असे, की त्या नोटिसा नोंदणी न केलेल्यांना होत्या. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांची आहे आणि आपले दुकान तर पहिल्यापासून नोंदलेले आहे, मग भ्यायचे कशाला?

या वादात मी मुलाच्या बाजूचा आहे आणि त्याचे कारण बँकेच्या टेबलामागचे आहे. छोट्या व्यापाऱ्याचे खेळते भांडवल ठरवताना नायक समितीच्या पद्धतीने अंदाजित वार्षिक उलाढालीच्या वीस टक्क्यांपर्यंत बँक कर्जमर्यादा देते. एक कोटीची उलाढाल दाखवता आली, तर वीस लाखांची कॅश क्रेडिट मिळू शकते. परंतु ती दाखवता यावी लागते. कित्येक घरांत क्यूआर कोड मुलाच्या नाहीतर सुनेच्या बचत खात्याला जोडलेला असतो. विक्री तिकडे जमा होते आणि पेढीचे चालू खाते कोरडे दिसते. मग मर्यादा वाढवून मागायला शेठ येतात, तेव्हा शाखाधिकाऱ्याने काय पाहून सही करावी? या मुलाने दुकानात बसू लागल्यावर पहिल्याच महिन्यात कोड पेढीच्या चालू खात्याला जोडून घेतला. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

पण म्हणून तो यंत्राचा भक्त आहे असे समजू नये. जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा तो छोटा ध्वनिक्षेपक त्याला आवडत नाही. कोणी किती रुपयांचा माल नेला हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाने का ऐकावे, असे तो विचारतो. त्याने आवाज अगदी बारीक करून ठेवला आहे. उधारीची आठवण आपोआप पाठवणारे अ‍ॅपही त्याने काढून टाकले. “काका, पुराच्या रात्री ज्यांनी आमची पोती माडीवर चढवली, त्यांना मशीनने मेसेज कसा पाठवू?” हे त्याचे शब्द. मला वाटते, तीस वर्षे धंदा केलेल्या माणसालाही यापेक्षा नेमके सांगता आले नसते. ऑनलाइन विक्रेत्यांची पार्सले आता वाडीवस्तीपर्यंत जातात, याचा तो त्रागा करीत नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी मागवायची आणि ते गाडीतून उतरतील त्या दिवशी पूजेच्या साहित्यापासून गुळापर्यंत सामान घरपोच करायचे, ही त्याची योजना आहे. गेल्या वर्षी मोजक्या घरांपुरता प्रयोग झाला. वडिलांनी त्याला ‘पोरखेळ’ म्हटले, पण एकही यादी परत गेली नाही.

आता जेवणाविषयी. येथे त्याची मते आपल्या घरांना सर्वांत जवळची आणि काही ठिकाणी झोंबणारी आहेत.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो. भारतात तो २००१ पासून आहे आणि त्याचे मोल मोठेच आहे. मुलाचे म्हणणे असे, की तो ठिकपा शाकाहाऱ्यांसाठी आहे, जैनांसाठी नाही. कांदा, लसूण, बटाटा यांचा प्रश्न उघडच आहे; नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीत कांद्यालसणाची भुकटी असते आणि ठिपका हिरवा असतो. त्याचा मुद्दा त्याहून पुढचा आहे. लेबलांविषयीच्या २०२० च्या नियमांत मांसाहाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून दुधाबरोबरच मध, मधमाशीचे मेण आणि लाख ही वगळलेली आहेत. म्हणजे मध घातलेले बिस्कीट किंवा लाखेची चकाकी दिलेली गोळी कायद्याने शाकाहारी ठरते. आपल्याकडे मध वर्ज्य आहे, हे कायद्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

म्हणून हा मुलगा ठिपका पाहून थांबत नाही. पाकीट उलटे करून घटकांचे बारीक अक्षर वाचतो. १२० क्रमांकाचा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून निघतो. ९०४ म्हणजे लाख. ४७१ हा घटक वनस्पती तेलापासून होतो तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकतो, आणि चव वाढवणाऱ्या ६३१ चेही तसेच. नुसत्या क्रमांकावरून मूळ कळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये नेमके हेच धरले : घटकाचा केवळ सांकेतिक क्रमांक देणे पुरेसे नाही, तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आला हे खाणाऱ्याला समजले पाहिजे. आपल्या आज्या धान्य निवडताना डोळ्यांत तेल घालून बसत असत. तेच काम हा मुलगा पाकिटांवर करतो, एवढाच फरक मला दिसतो. आणि घरातले त्याला ‘नखरे’ म्हणतात.

पुढचे मत सर्वांना रुचणार नाही. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने फक्त शाकाहारी उपाहारगृहांसाठी वेगळी सेवा जाहीर केली आणि ती पोहोचवणाऱ्यांना हिरवा गणवेश दिला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा भेद मागे घेतला गेला, सेवा राहिली. आपल्यातील अनेकांना ही माघार खटकली. मुलाला ती योग्य वाटली. त्याचा चुलतभाऊ मुंबईत भाड्याने राहतो, त्याच्या खोलीतील दुसरा मुलगा मांसाहारी आहे. लाल गणवेश दारात दिसला की सोसायटीत चर्चा होणार आणि दोघांनाही घर सोडावे लागणार, असे त्याने मला समजावले. आपले ताट आपण सांभाळावे, शेजाऱ्याच्या दारात कोणत्या रंगाचा माणूस आला याची नोंद ठेवू नये, असे त्याचे म्हणणे. मी त्याच्याशी सहमत आहे. वडील नाहीत, आणि या विषयावर जेवताना बोलायचे नाही असे त्या घरात आता ठरले आहे.

मुंबईहून पाहुणे आले की जैन पिझ्झा, जैन पास्ता यांची विचारणा होते. त्यावर त्याची नाराजी गमतीची आहे. तो म्हणतो, कोकणच्या स्वयंपाकातून कांदालसूण काढला तरी केवढे उरते! कुळथाचे पिठले, ओल्या काजूची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, कोकमाचे सार, केळफुलाची भाजी, तांदळाचे घावन. घावन म्हणजे घावनच, आंबोळी नव्हे. आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवावे लागते, ते दादींना चालत नाही. हे सारे सोडून बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेल्या पावभाजीला आपण ‘आपले’ जेवण का म्हणतो, हा त्याचा प्रश्न आहे. (ती पावभाजी तो आवडीने खातो, हेही नमूद केले पाहिजे.) संध्याकाळच्या चौविहाराला वडील घरी जातात, तीच वेळ बाजारात गर्दीची. पावसाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो तेव्हा निभते. दिवाळीनंतर सहाच्या सुमारास अंधार पडू लागला की ओढाताण होते. मुलगा गल्ल्यावर बसू लागल्यापासून वडिलांचा नियम एकदाही चुकलेला नाही. स्वतः तो पर्युषणात आणि तिथींना पाळतो, एरवी नाही, आणि ते लपवीत नाही.

सिनेमा-मालिकांवरची त्याची बहुतेक मते रीलइतक्याच लांबीची असतात, ती सोडून देतो. ‘दशावतार’ हा २०२५ चा मराठी चित्रपट त्याला फार आवडला. दिलीप प्रभावळकरांच्या कामाबद्दल तो तासभर बोलू शकेल. तक्रार एवढीच, की मुंबईकरांना आता सगळे कोकण मालवणी बोलते असे वाटते. आमच्या खेडकडे नमन आणि जाखडी, तिला पडदा कधी मिळणार, असे तो विचारतो.

खरा वाद झाला तो ‘स्कॅम १९९२’ वरून. हंसल मेहतांची ही मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि प्रतीक गांधींचा हर्षद मेहता आपल्या घराघरांतील मुलांचा नायक झाला. या मुलाच्या फोनची घंटीही त्याच मालिकेच्या संगीताची. त्याचे मत : हर्षदने चोरी केली नाही, बँकांच्या ढिलाईचा फायदा घेतला. १९९२ साली मी शाखेत अधिकारी होतो, तेव्हा या एका विषयावर गप्प बसणे मला शक्य नव्हते. त्याला एक कागद घेऊन समजावले. बँका सरकारी रोख्यांची आपसांत तात्पुरती खरेदी-विक्री करीत. रोखे प्रत्यक्ष न देता ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई, म्हणजे ‘रोखे आमच्याकडे तुमच्या नावे आहेत’ असे वचन. मधल्या दलालाच्या खात्यात पैसे वळत आणि तेथून शेअर बाजारात जात. पुढे काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. अशा पावत्या देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातील बँक ऑफ कराड होती. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी आली आणि महिनाभरात त्या बँकेवर अवसायनाची पाळी आली. “त्या बँकेचे ठेवीदार मालिकेत किती वेळ दिसतात?” एवढेच मी विचारले. तो उत्तरला नाही. दोन दिवसांनी मात्र कराडची माहिती त्याने स्वतः शोधून वाचली आणि माझ्याकडे चार प्रश्न घेऊन आला.

हा वाद करमणुकीपुरता नाही. त्याच्या वर्गातील काही मुले फोनवर फ्यूचर-ऑप्शनचे सौदे करतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा वैयक्तिक सौदेदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पाकिटामागचे बारीक अक्षर वाचणारा मुलगा पडद्यावरच्या चमकदार माणसाचे पाकीट उलटे करून पाहत नाही, हे मला खटकते आणि ते मी त्याला सांगितले आहे. सौदे तो करीत नाही, महिन्याला थोडी रक्कम म्युच्युअल फंडात टाकतो. ही माहिती वडिलांना माझ्याकडून कळली. त्याने सांगितली नव्हती, कारण विचारलेच नव्हते.

गेल्या महिन्यात वडिलांनी मला बोलावून विचारले, “काका, तुम्हीच सांगा, हा राहील का?” मी म्हटले, पगारावर राहणार नाही, पेढीत घ्या. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली साधे भागीदारीपत्र करावे, फर्मची नोंदणी करावी आणि चालू खात्यावर त्याला सहीचा अधिकार द्यावा. कच्चा मसुदा मी करून दिला आहे. वडील दहा टक्क्यांवर तयार आहेत. मुलाने टक्क्यांविषयी काहीच म्हटलेले नाही. त्याने पाकीटबंद मालाची खरेदी आणि गणपतीच्या याद्या ही दोन कामे न विचारता करण्याचा अधिकार कलमात लिहून मागितला आहे. ‘न विचारता’ या शब्दांवर वडील अडले आहेत, दादी नातवाच्या बाजूला आहेत, आणि पुण्याच्या कंपनीला या महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचे आहे.