मुलाने प्राथमिक शाळा केव्हा सोडावी?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी आठ वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे माध्यमिक अशी शिक्षणाची वाटणी सामान्यतः रूढ होती. परंतु आठवी होण्यापूर्वीच पुष्कळ मुले शाळेला रामराम ठोकतात आणि जी टिकतात त्यांची अखेरची दोन वर्षे उजळणीतच खर्ची पडतात, अशी तक्रार वारंवार होऊ लागल्यावर, १९०९ साली ओहायोतील कोलंबस शहराने आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातील बर्कलीने सातवी ते नववी या इयत्तांसाठी स्वतंत्र ‘ज्युनिअर हायस्कूल’ काढले. पुढे १९६० नंतर नववी वगळून सहावी आत घेणाऱ्या ‘मिडल स्कूल’ची टूम निघाली, यौवनावस्था आता लवकर येते, हे तिचे कारण मोठ्याने सांगितले गेले, वर्गखोल्यांच्या टंचाईचे जरा हळू.

स्थित्यंतराचा भार मात्र मुलावरच पडतो: कालपर्यंत एकाच बाईंच्या देखरेखीखाली दिवस काढणारे अकरा वर्षांचे मूल आता घंटेसरशी दर तासाला वर्ग बदलते, कपाटाच्या कुलपाचे आकडे पाठ करते, आणि पाचसहा शिक्षकांपैकी एकालाही आरंभी त्याचे नाव धड ठाऊक नसते. न्यूयॉर्क शहरातील विद्यार्थ्यांविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रीतीने शाळा बदलणाऱ्यांची प्रगती आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांच्या मानाने घसरलेली आढळली; तेव्हा जेथे आठवीपर्यंतची शाळा उपलब्ध आहे, तेथून मूल मध्येच हलवू नये, या पक्षाकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे.