व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत

परदेशगमन हा एके काळीं मोजक्या घरांपुरता विषय होता. मुलगा बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस निघे, घरचीं वडील माणसें बॅलार्ड पिअरवर त्याला निरोप देत आणि पुढें त्याच्या पत्राची वाट पाहत बसत. आईबापांनीं मुलामागून जावें, ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नसे. आतां काळ पालटला आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यावर खाडीपलीकडे जी नवी मुंबई वसली, तिच्या वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या भागांतील कित्येक घरचीं मुलें आज न्यू जर्सी, लंडन, टोरोंटो, म्युनिक अशा ठिकाणीं नोकरीस आहेत आणि साठी उलटलेले आईबाप वर्षाआड चार-सहा महिने त्यांच्याकडे राहावयास जातात. या शहरास आतां स्वतःचा विमानतळही लाभला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून उलवे येथून प्रवासी विमानें उडूं लागलीं.

कायद्याच्या दृष्टीनें मात्र हे आईबाप केवळ पर्यटक होत. स्थळें पाहून पंधरवड्यांत परतणारा प्रवासी आणि मुलीच्या बाळंतपणासाठीं सहा महिने राहणारी आजी, या दोघांच्या हातीं बहुतेक देशांचा एकाच जातीचा परवाना असतो. पहिल्यास दिवस मोजण्याची फारशी गरज पडत नाहीं, आजीस पडते. तिची मोजणी चुकली तर परिणाम त्या एका मुक्कामावर न थांबतां पुढील कित्येक वर्षांच्या भेटींवर होतो. म्हणून या नियमांचें मर्म समजून घेणें अगत्याचें आहे.

तें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें : व्हिसाची मुदत निराळी आणि मुक्कामाची मुदत निराळी. व्हिसा म्हणजे अमुक तारखेपर्यंत त्या देशाच्या वेशीवर जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी. प्रवेश द्यावा कीं नाहीं, आणि दिल्यास किती दिवसांचा, हें वेशीवरील अधिकारी किंवा त्या देशाचा नियम ठरवितो. दरवाजाशीं दहा वर्षें येतां येईल, म्हणून आंत दहा वर्षें राहतां येईल असें नव्हे.

याविषयीं अमेरिकेचें उदाहरण बोधप्रद आहे. भारतीय पर्यटकास तेथील 'बी-१/बी-२' व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. नेरूळचें एखादें निवृत्त जोडपें १० नोव्हेंबर रोजीं नेवार्क येथें उतरलें, अशी कल्पना करावी. त्यांच्या व्हिसावर २०३४ सालची तारीख आहे. परंतु अधिकाऱ्यानें नेहमींच्या प्रघाताप्रमाणें सहा महिने दिले, तर मुक्कामाची मुदत ९ मेच्या सुमारास संपते. नेमकी तारीख 'आय-९४' नांवाच्या नोंदींत असते. पूर्वीं या नोंदीचा कागदी तुकडा पासपोर्टांत जोडून मिळे. २०१३ पासून विमानानें येणाऱ्यांची नोंद संगणकांत होते आणि ती सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहावी लागते. पोहोंचल्यावर दोन-तीन दिवसांतच ती उतरवून घ्यावी. नांव, जन्मतारीख व मुदत बरोबर आहेत ना, हेंही पडताळावें.

ठरलेल्या तारखेनंतर एक दिवस जरी विनापरवाना राहिलें, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांहून अधिक पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षें, आणि एक वर्ष किंवा अधिक राहणाऱ्यास दहा वर्षें प्रवेशबंदी होते. सत्तरीच्या माणसास दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हें सांगावयास नको. आजारपणासारखी खरी अडचण उद्भवल्यास मुदतवाढ मागतां येते. तिचा 'आय-५३९' हा अर्ज मुदत संपण्यापूर्वींच, शक्यतों ४५ दिवस आधीं, करावा. वेळेवर व सकारण केलेल्या अर्जाचा निर्णय होईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामांत धरीत नाहींत.

ब्रिटनची रीत थोडी निराळी आहे. राष्ट्रकुलांतील नागरिक म्हणून भारतीयांना तेथें भेटीस जाण्यासाठीं पूर्वीं व्हिसा लागत नसे. १९८६ सालीं तो आवश्यक झाला. आज दोन, पांच किंवा दहा वर्षांचाही व्हिसा मिळतो, परंतु एक भेट सामान्यतः सहा महिन्यांपलीकडे नेतां येत नाहीं. सहा महिने तेथें, एक महिना घरीं, पुन्हा सहा महिने तेथें, असा क्रम लावल्यास हा मनुष्य भेटीस येत नसून घर करून राहतो, असें अधिकाऱ्यास वाटतें आणि तो प्रवेश नाकारूं शकतो.

कॅनडानें मात्र आईबाप व आजीआजोबा यांची गरज ओळखून त्यांच्यासाठीं 'सुपर व्हिसा' ठेवला आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका प्रवेशांत पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. त्यासाठीं तेथील मुलाचें किंवा नातवाचें उत्पन्न ठराविक मर्यादेचें असावें लागतें, आणि निदान एक वर्षाचा, एक लाख कॅनेडियन डॉलरांचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो.

युरोपांतील शेंगेन गटाचे २९ देश मुक्कामाचा हिशेब एकत्र धरतात. नियम असा कीं, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. यांत पंचांगाचे सहा महिने धरावयाचे नसतात; मुक्कामाच्या प्रत्येक दिवशीं मागील १८० दिवस पाहून त्यांत किती दिवस राहणें झालें, हें मोजावयाचें. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजला जातो. १ जानेवारीस म्युनिकला पोहोंचून ३१ मार्चला निघणाऱ्याचे, लीप वर्ष नसल्यास, बरोबर ९० दिवस भरतात. मध्यें आठवडाभर तो पॅरिसला जाऊन आला, तरी त्या दिवसांची सूट नाहीं. हातीं अनेक प्रवेशांचा व्हिसा असला तरी त्यास पुन्हा ३० जूनलाच जातां येईल. कारण १ जानेवारीचा दिवस त्याच दिवशीं मोजणींतून गळतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथें शिक्क्याऐवजीं बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन संगणकांत नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळें दिवसांची बेरीज अधिकाऱ्यास आतां बोटांवर करावी लागत नाहीं. प्रवाशानें मात्र ती आधींच केलेली बरी.

जेथें व्हिसाच लागत नाहीं, तेथें नियमही नसतील असा एक गोड समज आढळतो. नेपाळपुरता तो बराचसा खरा आहे. भूतानास व्हिसा नको, पण प्रवेशाचा परवाना हवा. मलेशियानें १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांस व्हिसा माफ केला, तो ३० दिवसांपुरता. थायलंडनें नोव्हेंबर २०२३ मध्यें ३० दिवसांची सूट दिली, १५ जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची केली, आणि १ मे २०२५ पासून येणाऱ्यानें संगणकावर आगमनपत्र भरावें असा नियम केला. दोन वर्षांत एका देशाचे नियम असे तीनदां बदलतात. यास्तव शेजाऱ्याचा गेल्या वर्षीचा अनुभव यंदा प्रमाण मानूं नये; तिकीट काढण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातीचें संकेतस्थळ पाहावें. माफी व्हिसाची असते. परतीचें तिकीट, खर्चाची सोय आणि ठरलेले दिवस यांची नसते.

सर्वत्र विचारला जाणारा प्रश्न एकच : 'परत जाणार ना?' अमेरिकेचा कायदा तर पर्यटक-व्हिसाच्या अर्जदारास, उलट सिद्ध होईपर्यंत, कायमचा राहावयास आलेलाच समजतो. स्वतःचें घर, निवृत्तिवेतन, येथील इतर मुलेंबाळें हीच त्यावरील उत्तरें. तीं थोडक्यांत व खरीं द्यावींत. नातवास खेळविणें हा आजीचा अधिकार आहे; परंतु परक्याचें मूल पगार घेऊन सांभाळणें ही नोकरी ठरते, आणि ती या व्हिसावर निषिद्ध आहे.

दीर्घ मुक्कामाची तयारी घरूनच होते. पुष्कळ देशांना पासपोर्टाची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. विमा घेतांना जुना मधुमेह वा रक्तदाब त्यांत धरला आहे कीं नाहीं, तें वाचून पाहावें. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवावी. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुक्काम त्या महिन्यांत पडत असेल तर भारतीय वकिलातीमार्फत तो देण्याची सोय निघण्यापूर्वींच समजून घ्यावी.

पोहोंचल्याच्या आठवड्यांत मुलाच्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत मुक्कामाची शेवटची तारीख ठळक लिहावी, आणि परतीचें तिकीट तिच्या आठ-दहा दिवस आधींचें काढावें. विमान चुकलें, ताप आला, तरी तेवढी सवड राहते. निघतेवेळीं ते आठ दिवस जड वाटतील खरे. परंतु पुढच्या नातवंडाच्या बारशास जाण्याची वाट त्यांच्यामुळेंच मोकळी राहते.