शिट्टी मारून लावलेला ट्रंक कॉल

गोष्ट १९५० च्या दशकातली, अमेरिकेतली. जो एंग्रेसिया या सात-आठ वर्षांच्या जन्मांध मुलाच्या ध्यानात आले, की फोनवर ठरावीक पट्टीत शिट्टी मारली की चालू कॉल तुटतो. कान विलक्षण सुरेल, त्यामुळे ती पट्टी त्याला हवी तेव्हा लागे. ती होती २६०० हर्ट्झची.

एटी अँड टी या फोन कंपनीच्या जाळ्यात दोन शहरांमधली ट्रंक लाइन मोकळी असली की तिच्यावर हाच सूर वाजत राही आणि कॉल सुरू होताच थांबे. बोलणे ज्या वाटेने जाई, त्याच वाटेने यंत्रांचे हुकूमही जात. खर्च वाचला, पण सूर यंत्राने काढला की माणसाने, हे ओळखायचे कसे?

मग युक्ती निघाली. ८०० ने सुरू होणारा फुकट क्रमांक फिरवायचा आणि २६०० चा सूर सोडायचा. पलीकडच्या एक्स्चेंजला वाटे, फोन ठेवला. सूर थांबला की ते नव्या कॉलचे आकडे ऐकायला सज्ज! अलीकडचे बिलाचे यंत्र मात्र फुकट कॉलच चालू आहे असे धरून बसलेले. आकडेही सुरांतच सांगायचे: ७०० ते १७०० हर्ट्झमधल्या सहा सुरांपैकी एका वेळी दोन. कोणत्या आकड्याला कोणते दोन सूर, हा तक्ता फोडायला कुणी हेर लागला नाही. ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’च्या नोव्हेंबर १९६० च्या अंकात कंपनीच्याच अभियंत्यांनी तो छापला होता, आणि अंक ग्रंथालयांत कुणालाही मिळे.

हे सूर काढणारी पेटी म्हणजे ‘ब्लू बॉक्स’. ‘कॅप्टन क्रंच’ या न्याहारीच्या खोक्यातली खेळण्यातली शिट्टी एक भोक बुजवले की २६०० चा सूर देई. तिचे श्रेय फोनशी असेच खेळणाऱ्या जॉन ड्रेपरला मिळते, पण त्याला ती एंग्रेसियासारख्याच अंध मुलांनी दाखवली होती. १९७१ च्या ऑक्टोबरात ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियॅकने पेटी बनवली, स्टीव्ह जॉब्जने विकायला मदत केली. या दोघांच्या ॲपलमुळे हाच भाग चवीने सांगितला जातो. मला एंग्रेसिया जास्त मोठा वाटतो. त्याला पेटी लागलीच नाही.

१९७६ पासून कंपनीने हुकूम वेगळ्या वाटेने पाठवायला सुरुवात केली. जाळे अवाढव्य, त्यामुळे बदल सावकाश झाला. मिनेसोटातल्या एका लहानशा गावची लाइन २००६ पर्यंत या सुराला ओ देत होती.