वाटसोबती आणि मारेकरी : जबलपूरच्या ठग-जबान्या व जीवघेण्या खेळाची कादंबरी

आंतरजालावर प्रकरणशः प्रसिद्ध होणाऱ्या चिनी कादंबऱ्यांमध्ये एक प्रकार विशेष लोकप्रिय आहे. काही अनोळखी माणसे एका बंदिस्त जगात सापडतात. तेथील नियम ओळखून कोडे सोडवणारा वाचतो, चुकणारा मरतो. या प्रकाराचा उगम सामान्यतः २००७ साली सुरू झालेल्या ‘वूश्येन खोंगबू’ या कादंबरीत मानला जातो. शी त्सशू यांच्या ‘सिवांग वानह्वाथोंग’ (‘मृत्यूचे शोभादर्शक’) या कादंबरीत या रचनेला संथपणे उमलणाऱ्या प्रेमाची जोड मिळाली. लिन च्योउशी याच्यासमोर बारा लोखंडी दारे उभी राहतात. पहिल्याच दारामागे त्याला भेटलेली तरुणी प्रत्यक्षात वेषांतर केलेला रुआन नानचू हा पुरुष असतो. पुढे या दोघांतच प्रेम जुळते.

सोबती कोण आहे, हे ठाऊक नसताना त्याच्यावर जीव सोपवणे, हे या कथेचे बीज. तुलनाकाराला ते जबलपूरच्या इतिहासात अनपेक्षितपणे भेटते. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या नगरातून विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम चालवली. तिच्यातून हाती आलेल्या जबान्यांनुसार ठग सभ्य प्रवाशांच्या वेषात वाटसरूंना गाठत, कित्येक दिवस त्यांच्याबरोबर चालत, विश्वास संपादन करत आणि ‘झिरनी’ म्हणजे ठरलेला इशारा मिळताच रुमालाने गळा आवळत. स्लीमनने त्यांची ‘रामसी’ ही सांकेतिक बोली १८३६ साली ‘रामसीआना’ या ग्रंथात नोंदवली. या ग्रंथात माफीच्या साक्षीदारांशी झालेले त्याचे संवादही आहेत. फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध.

येथे दोन खेळ एकात एक गुंतलेले आहेत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पहिला रस्त्यावरचा, दुसरा कचेरीतला. दुसऱ्याचे नियम सरकारने ठरवले होते : जो सोबत्यांची नावे सांगेल, तो फासावर जाणार नाही. म्हणजे जबानी देणारा प्रत्येक जण जगण्यासाठीच कथा रचत होता, आणि ती ऐकणाऱ्याला काय ऐकायचे आहे, हेही त्याला पुरते कळत होते. किम वॅग्नर यांनी २००७ सालच्या आपल्या अभ्यासात ही साधने सावधपणे वाचण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच महत्त्वाचा ठरतो. ठग नव्हतेच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु आपल्यापर्यंत पोहोचलेला ठग हा जिंकलेल्या खेळाडूने सांगितलेला ठग आहे. हरलेल्यांची बाजू त्यात नाही.

निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी याच साच्यात घातली. बंदिवान अमीर अली साहेबापुढे आपले आयुष्य कथन करतो. ज्याने आईबापांना मारले, त्याच ठगाने त्याला मुलासारखे वाढवले आहे. पुढे एका प्रवासात तो नकळत स्वतःच्या बहिणीचाही जीव घेतो. त्याची पत्नी अझीमा हिला त्याचा धंदा ठाऊक नाही. सत्य कळते तेव्हा ती जगूच शकत नाही. चिनी कादंबरीत याच्या उलट घडते : वेष उतरतो, तसे प्रेम वाढत जाते. प्रत्येक दारामागे एकाचा दुसऱ्यावरील भरवसा कसाला लागतो, म्हणूनच ते प्रेम संथ असणे अपरिहार्य आहे. घाईचे प्रेम तेथे केवळ अविचार ठरले असते.

या दोहोंत प्रभावाचे नाते शोधण्याचे कारण नाही. साम्य केवळ प्रकाराचे आहे. भेद मात्र वाचकाच्या जागेत आहे. टेलर वाचकाला मारेकऱ्याच्या शेजारी बसवतो. सावज कोण, हे वाचकाला आधीच ठाऊक असते आणि काही प्रकरणांनंतर तो झिरनीची वाटही पाहू लागतो (टेलरचे हे यश थोडे अस्वस्थ करणारेच). चिनी कादंबरीचा वाचक वाटसरूंच्या मेळ्यात असतो. शेजारचा माणूस कोण, हे त्याला नायकाबरोबरच कळते.

शेवटाच्या बाबतीत जबलपूरची कथा अधिक कठोर आहे. खेळाच्या कादंबरीत अखेरचे दार असते. माफीच्या साक्षीदारांना प्राण मिळाले, मोकळीक मिळाली नाही. त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलांसाठी जबलपूरला उद्योगशाळा उभी राहिली, आणि तेथे ते देखरेखीखाली तंबू व गालिचे विणत राहिले.